'फरक' लागलाय, कधी देणार? – ॲपमधलं मराठी सुधारायचं असेल तर आधी डेअरीत जाऊन बसा

आमच्या सॉफ्टवेअरमधल्या एका शब्दानं एका गावात दोन दिवस गोंधळ घातला होता, आणि तो शब्द मीच लिहिलेला. आम्ही दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो, कोल्हापुरात राजारामपुरीत जिना चढून वरती छोटं ऑफिस, चार डेव्हलपर आणि स्क्रीनवरची सगळी भाषा बघायला मी एकटा. तर संस्थेत गोळा झालेलं दूध आणि टँकरमध्ये गेलेलं दूध यात जे थोडं कमीजास्त होतं त्याला इंग्रजी रिपोर्टमध्ये डिफरन्स होतं, मी बिनधास्त 'फरक' करून टाकलं, डिक्शनरी उघडून बघा, शंभर टक्के बरोबर. सेक्रेटरीनं तो रिपोर्ट प्रिंट काढून बोर्डावर लावला. आता कोल्हापूर जिल्ह्यात ज्याच्या दारात एक तरी म्हैस हाय त्याला विचारा फरक म्हणजे काय, तो सांगणार दिवाळीच्या तोंडावर मिळणारा दूध दराचा फरक, दुसरा अर्थच नाही, घरातले कपडे-फराळ सगळं त्याच्यावर ठरलेलं असतं. लोकं सेक्रेटरीच्या दारात, "फरक ४२ लागलाय की, कधी देणार?" ते ४२ लिटर होते.

मग मी गेलो आणि सेक्रेटरींना विचारलं, मामा तुम्ही ह्याला काय म्हणता? "घट. जास्त आलं तर वाढ. त्यात काय इचारायचं?" हा शब्द त्यांच्या रजिस्टरवर हातानं लिहिलेला होता, आमचं सॉफ्टवेअर यायच्या आधीपासून. मी फक्त ते रजिस्टर कधी उघडून बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी जे करत आलोय ते इथं लिहितोय. दूध संस्थेचंच सॉफ्टवेअर पाहिजे असं नाही, दुकानाचं बिलिंग असो, शाळेचं ॲप असो, पद्धत हीच लागू पडते.

सुरुवात फोनपासून

अख्खं ॲप घेऊन बसू नका, वेड लागेल. आधी मदतीसाठी येणारे फोन बघा. आमच्याकडं फोन घेणारी पोरगी आधी रजिस्टरात लिहायची 'बिल प्रॉब्लेम', 'लॉगिन प्रॉब्लेम', त्यातून काहीच कळत नाही. तिला सांगितलं, माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दात लिही, सुधारू नको. मग यायला लागलं 'बिल निघंना', 'मागची उचल कुठं गेली', 'लाल पट्टी आल्या, काय करू'. शेजारी लिहायचं तो कुठल्या स्क्रीनवर होता आणि तिथं आपण नेमकं काय लिहिलंय. एका महिन्याचं एवढं झालं की कुठं दुखतंय ते आपोआप दिसतं. माणूस जिथं 'आता पुढं काय करू' असं विचारतो तिथं बहुतेक वेळा बटण बिघडलेलं नसतं, वाक्य बिघडलेलं असतं.

सर्च बॉक्स असेल तर लोकांनी त्यात काय टाइप केलं तेही काढून घ्या डेव्हलपरकडून. आमच्यात लोकं 'उचल' शोधत होती, इंग्रजी अक्षरात टाइप करून, आणि आम्ही लिहिलेलं 'अग्रिम'. अग्रिम! मला स्वतःला कधी कुणी अग्रिम दिलेलं नाही, ऑफिसातसुद्धा मी उचलच मागतो.

कुणाला विचारायचं, किती जणांना

ॲप तपासून घ्यायला पाच जण पुरेत हे तुम्ही कुठंतरी ऐकलं असेल. ते वेबसाइट-ॲप वापरायला सोपं कसं करायचं ह्याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सननं २००० साली लिहिलं, हिशोब असा की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवून देतो, दुसरा त्यातल्या काही परत दाखवतो आणि काही नवीन, असं करत पाचव्यापर्यंत साधारण ८५ टक्के हाताला लागतात. ह्यातलं लोक जे विसरतात ते म्हणजे हे पाच जण एकाच प्रकारचे पाहिजेत, आणि दुसरं म्हणजे पंधरा जणांना एकदम गाठण्यापेक्षा पाच जणांना गाठा, दुरुस्त करा, परत नवीन पाच जण गाठा, असं तीनदा करा, हे त्यानंच सांगितलंय. आमच्यात सेक्रेटरी वेगळा, फॅट काढणारा टेस्टर वेगळा आणि दूध घालणारा सभासद वेगळा. सेक्रेटरीला 'एसएनएफ' (दुधातला फॅट आणि पाणी सोडून उरलेला भाग) झोपेत विचारलं तरी सांगेल, सभासदाला फक्त फॅट आणि दर माहीत. तिघांची खिचडी करून पाच केले तर तिघांचंही कळत नाही.

जायची वेळ महत्त्वाची. सकाळी दूध घालायच्या वेळी तिथं उभं राहून 'एक मिनिट' म्हणालात तर रांगेतलीच माणसं तुम्हाला बाहेर काढतील. टँकर गेला, कॅन धुऊन झाले, सेक्रेटरी रजिस्टर लिहीत बसला की जा. दहा तारीख, वीस तारीख आणि महिनाअखेर हे दहा दिवसांचं बिल काढायचे दिवस, तेव्हा फिरकायचंच नाही. चेअरमन शेजारी बसलेले असतील तर गप्पा मारा, चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी या, कारण त्यांच्यासमोर सेक्रेटरी म्हणणार "सगळं एकदम ओके हाय". आणि हो, चहाला नाही म्हणू नका, चहा होईपर्यंत जे बोलणं होतं त्यात जास्त सापडतं. स्क्रीनचे फोटो घेताना सभासदाचं नाव आणि खाते नंबर झाकायचे, रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारायचं, हे सांगायला नको पण सांगतो.

"समजलं का?" हा प्रश्नच बंद

आपल्याकडं कुणालाही विचारा समजलं का, तो हो म्हणणार. नाही म्हणणं म्हणजे आपण अडाणी ठरलो, किंवा समोर आलेल्या पोराला वाईट वाटेल, ह्या दोन्हीतलं काहीतरी असतंच. 'आवडलं का' हाही तसलाच, "भारी हाय की" ह्याच्यापुढं गाडी सरकत नाही. म्हणून काम द्यायचं आणि बघत बसायचं.

एक प्रसंग पूर्णच सांगतो. मी म्हणालो, "मामा, समजा ह्या सभासदाचं बिल चुकून दोनदा निघालंय. एक घालवायचंय. कसं करणार?" मामांनी बरोबर स्क्रीन उघडली, बरोबर नाव शोधलं, दाबलं. खिडकी आली, 'बिल रद्द करायचे आहे का?' आणि खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. मामांचं बोट वरच राहिलं. मी गप्प. माझ्याबरोबर आमचा डेव्हलपर आलेला, तो म्हणायला लागला "मामा ते डावी…" मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. मनात दहापर्यंत मोजायचं, हा माझा नियम आहे, दहा फार मोठे वाटतात पण मोजायचे. सात-आठला मामा म्हणाले, "आता हे रद्द दाबलं तर बिल रद्द हुतंय, का रद्द करायचंच रद्द हुतंय?"

डेव्हलपर ज्या स्क्रीनकडं वर्षभर बघत होता ती त्याला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. मी रिपोर्टमध्ये दहा पानं लिहून जे झालं नसतं ते एका वाक्यात झालं, त्यामुळं दर वेळी एक तरी डेव्हलपर बरोबर न्या, नुसता बसवा.

ऑफिसात येऊन मी बदललं. प्रश्न केला '११ ते २० तारखेचं बिल काढून टाकायचं?' आणि बटणं 'हो, बिल काढून टाका' आणि 'नको, राहू दे'. लई खूश होतो, कारण बटण वाचूनच कळतंय काय होणार. पुढच्या गावात गेलो, दुसरे सेक्रेटरी, तेच काम. त्यांनी 'हो, बिल काढ' एवढंच वाचलं आणि हात मागं घेतला. "मला बिल काढायचं न्हाय, हे घालवायचंय." डोक्यात प्रकाश पडला, आपल्यात बिल काढणं म्हणजे बिल तयार करणं! दहा तारखेला 'बिलं काढली का' म्हणतात ते हेच. मी मराठी माणूस, जन्म इथला, आणि हे मला टेबलावर बसून सुचलं नाही. मग त्यांनाच विचारलं तुम्ही काय म्हणाल. "डिलीट." बस. आता तिथं 'हो, बिल डिलीट करा' आणि 'नको, राहू दे' आहे, आणि तिसऱ्या गावात कुणाचं बोट अडकलं नाही. शुद्ध मराठीवाल्यांनी मला शिव्या घातल्या तरी चालतील.

लोकांनी काम करताना मनातलं मोठ्यानं बोलावं, ही पद्धत आयबीएममधल्या क्लेटन लुईसनं १९८२ मध्ये मांडली, आणि भारीच आहे, पण आपल्याकडं एकट्या माणसाला 'मनातलं बोला' म्हटलं की तो तुमच्याकडं बघून हसतो. त्यापेक्षा जोडीनं बसवा. सेक्रेटरी आणि टेस्टर एका स्क्रीनसमोर, दोघांना मिळून एक काम. "अरे खालचं दाब की", "खालचं न्हवं रं, ते मागच्या बिलाचं हाय", असं आपसात चालू होतं आणि तुम्हाला फक्त लिहून घ्यायचं. इथं मात्र दोन प्रकारची माणसं एकत्र आलेली चालतात, उलट बरंच असतं.

आणि करून झाल्यावर विचारायचं ते असं: आता काय झालं? पैसे कुठं गेले? सभासदाला काय मेसेज गेला असेल? उद्या हे परत उघडलं तर काय दिसेल? उत्तर चुकलं तर माणूस चुकला नाही, वाक्य चुकलं, आणि नेमकं कुठं चुकलं तेही त्याच्या उत्तरातच असतं.

मेसेजचं वेगळं प्रकरण

सभासद ॲप उघडत नाही, त्याला एसएमएस जातो, त्यामुळं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं आपलं लिखाण तेच. आमचा जुना मेसेज असा होता:

'आपल्या खात्यावरील देय रक्कम रु. २,३४० यशस्वीरीत्या वर्ग करण्यात आली आहे.'

हा कागदावर छापून नेला आणि एकच प्रश्न विचारला, मावशी, पैसे आले का गेले? एक मावशी म्हणाल्या गेले, कारण 'देय' म्हणजे आपण द्यायचे. एका काकांनी विचारलं 'वर्ग' कुठला, शाळेचा? तिसऱ्यानं खरं सांगितलं, मी नुसता आकडा बघतो बाबा आणि बँकेत जाऊन विचारतो. म्हणजे मेसेज असून बँकेची फेरी चुकत नव्हती. नवीन केला:

'११ ते २० चं दूध बिल रु. २,३४० तुमच्या बँक खात्यात जमा.'

ह्यात अजून एक गंमत आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत फक्त ७०, आणि त्यात मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. जुना मेसेज मोजून बघा, ७२ भरतो. दोन अक्षरांसाठी दर सभासदामागं दोन मेसेजचे पैसे जात होते! नवीन ५४ मध्ये बसला. मालकाला भाषेचं महत्त्व पटवायला मी तीन मिटिंगा घेतल्या होत्या, हे सांगितल्यावर चौथी लागली नाही.

आणि मेसेजचा मसुदा टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, शब्द बदलला की परत मंजुरी. म्हणून मेसेज लोकांना दाखवायचा तो मंजुरीच्या आधी. हे मी उलट्या क्रमानं एकदा केलंय, तुम्ही करू नका.

आकड्यांचंही बघा. थर्मल प्रिंटरच्या पावतीवर मराठी १ बारीक आला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि मशीनवर आकडे इंग्रजीत, पावतीवर मराठीत असलं की माणूस दोन्ही शेजारी धरून भांडतो. आम्ही पावतीवर मशीनसारखेच आकडे ठेवले, मेसेजमध्ये मराठी. स्क्रीनवर काय दिसतं एवढ्यावर थांबू नका, शेवटी ते ज्या कागदावर उमटतं तो कागद हातात घेऊन बघा.

हायलाइटर आणि गाळलेल्या जागा

मोठा मजकूर असेल, म्हणजे मदतीचं पान, नियम, नोटीस, तर हायलाइटर घ्या, एक हिरवा एक लाल. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवाली मंडळी हे वापरत आली आहेत, खर्च दोन पेनांचा. वाचताना जिथं 'हां, आता कळलं काय करायचं' असं वाटेल तिथं हिरवा, जिथं शंका येईल किंवा भीती वाटेल तिथं लाल. पाच जणांचे कागद एकावर एक ठेवा, लाल कुठं साचलंय ते दिसतंच. आमच्या एका नोटिशीत 'अन्यथा' ह्या शब्दावर जवळजवळ सगळ्यांनी लाल मारलेला, पुढचं वाक्य साधं होतं पण 'अन्यथा' आलं की लोकांना सरकारी नोटीस वाटते.

ज्यांना पेन धरायला संकोच वाटतो त्यांना मोठ्यानं वाचायला लावा, नाहीतर नातवाला वाचायला लावून आजीला सांगायला लावा. वाचणारा जिथं अडखळतो, जो शब्द गिळून पुढं जातो, तिथं तुम्ही खूण करा. मोठ्यानं वाचताना माणूस 'तथापि' कधीच म्हणत नाही, बघा करून.

दुसरी पद्धत शाळेतल्या गाळलेल्या जागांसारखी. विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन माणसानं १९५३ मध्ये काढलेली, क्लोझ टेस्ट. मजकुरातला दर पाचवा शब्द खोडायचा आणि लोकांना भरायला सांगायचं, साठ टक्क्यांच्या वर बरोबर भरले गेले तर मजकूर कळण्यासारखा आहे असं धरतात. पण ही इंग्रजीसाठी निघालेली मोजपट्टी आहे आणि आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटलेले, 'खात्यावरून' एकच शब्द. माणसानं 'खात्यातून' लिहिलं तर त्याला अर्थ कळलाच आहे, मी ते बरोबर धरतो. म्हणून साठच्या आकड्याला देव मानू नका, जुना मजकूर आणि नवा मजकूर दोन्हीची परीक्षा घ्या आणि कुठला वर येतो ते बघा. बटणाला किंवा दोन ओळींच्या मेसेजला ही चालत नाही, त्याला पानभर मजकूर लागतो.

लोक जे बोलतात ते सगळंच लिहायचं नसतं

हे माझ्या अंगाशी आलंय. लोकांची भाषा, लोकांची भाषा करत मी एकदा बिल निघाल्यावर येणाऱ्या खिडकीत 'नाद खुळा! बिल निघालं' असं टाकलं. ऑफिसात सगळे टाळ्या वाजवून हसले. सेक्रेटरींनी वाचलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "हे रंकाळ्यावर ठीक हाय, पैशाच्या कामात नको." बरोबरच आहे, पाचशे सभासदांचे पैसे ज्याच्या सहीनं जातात त्याला स्क्रीननं चेष्टा केलेली चालत नाही. 'झालंय' आणि 'झाले आहे' यातलं काय ठेवायचं हेही मी आता अंदाजानं ठरवत नाही, दोन्ही छापून नेतो आणि विचारतो, ह्यातला कुठला मेसेज बँकेतून आल्यासारखा वाटतो आणि कुठला पोरानं पाठवल्यासारखा. पैशाच्या ठिकाणी बहुतेकांनी साधं पण नीट वाक्य निवडलं, मदतीच्या पानावर मात्र बोलल्यासारखं चाललं.

आणि चूक झाली की माणसावर ढकलायचं नाही. 'आपण चुकीची माहिती भरली आहे' ह्याच्याऐवजी 'फॅट १२ च्या वर आहे, एकदा तपासा'. पहिल्या वाक्यावर टेस्टर आमच्याशी भांडला होता, दुसऱ्यावर त्यानं गुपचूप दुरुस्त केलं.

सगळ्यातून एक शब्दवही तयार करा. आमची एक साधी शीट आहे: आपण काय लिहायचो, लोक काय म्हणतात, कुठल्या तालुक्यात आणि कोण म्हणालं, आता काय लिहायचं. 'फरक'च्या पुढं लिहिलंय, फक्त दिवाळीचा, इतर कुठंही वापरायचा नाही. तालुका लिहितो कारण कागलात चाललेला शब्द शाहूवाडीत चालेलच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, आणि जिल्हा बदलला तर वही कोरी धरूनच बसायचं.

बदल लागला का नाही हे कसं बघायचं तर पहिल्यासारखंच, फोनच्या रजिस्टरवरून. त्या स्क्रीनचे आधीच्या महिन्यातले फोन आणि नंतरच्या महिन्यातले. मोठ्या कंपन्या निम्म्या लोकांना एक वाक्य आणि निम्म्यांना दुसरं दाखवून तुलना करतात, आपल्याकडं एवढी माणसंच नसतात, त्यात पडू नका. मात्र दिवाळीचा महिना साध्या महिन्याशी ताडू नका, नाहीतर दिवाळीच्या महिन्यात फोन वाढले म्हणून चांगलं वाक्य काढून टाकाल. दिवाळीत फोन वाढणारच, फरकाचे.

सध्या टेस्टरच्या स्क्रीनवर 'नमुना क्रमांक' लिहिलंय आणि परवा एक टेस्टर बोलता बोलता 'सॅम्पल नंबर' म्हणाला. एकच जण म्हणालाय, त्यामुळं अजून हात लावलेला नाही. पुढच्या आठवड्यात वीस तारीख उलटली की चार गावं करतो.